कंपनीचं ‘नेट झिरो’ आणि आपल्या बागेतला युरिया : वचन कसं वाचायचं, करार कसा तपासायचा

गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्या ओट्यावर येऊन बसला. हातात टॅब, टॅबवर चौदा पानांचा इंग्रजी करार. “आप्पा, इथे बोट फिरवा, कार्बनचे पैसे थेट खात्यावर येतील,” तो म्हणाला. आप्पांनी चष्मा पुसला, टॅब हातभर लांब धरला आणि विचारलं, “पन हाई कागद कसाना शे?” (पण हा कागद कशाचा आहे?) त्या पोराला नीट सांगता येईना. शेतीची पदवी असून मलाही येईना, आणि ते मला फार लागलं. सही त्या दिवशी राहिली. पुढचा महिनाभर मी मोठ्या कृषी कंपन्यांचे अहवाल काढून वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवाल्यांसाठी, पारोळा-अमळनेरच्या कापूसवाल्यांसाठी आणि नंदुरबारच्या मिरचीवाल्यांसाठी क्रमाने लिहितो आहे.

आधी मुद्दा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचता येईल. शेतमाल घेणाऱ्या किंवा खत विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या नावावर जो धूर, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन, मोजला जातो, त्यातला बराचसा शेतात तयार होतो. तिने ‘अमुक सालापर्यंत नेट झिरो’, म्हणजे आपल्या नावावरचा हा भार घट आणि भरपाई मिळून शून्यावर आणू, असं जाहीर केलं, की ते काम आपल्या बांधावर होणार आणि त्याची नोंद तिच्या वहीत होणार. त्या नोंदीत आपण कुठे आहोत, हे आपल्याला शोधता आलं पाहिजे.

पहिलं काम : जाहिरात बाजूला ठेवा, अहवाल काढा

हिरव्या पानाचं चित्र असलेली पत्रकं वाचून काही कळत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाईटवर आणि बीएसई-एनएसईच्या वेबसाईटवर फुकट मिळतो. बाजारमूल्याने वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’ सक्तीचा केला आहे. सगळे त्याला बीआरएसआर म्हणतात. वार्षिक अहवालाची पीडीएफ मोबाईलवर उघडा आणि शोधाच्या चौकटीत ‘प्रिन्सिपल ६’ इंग्रजीत टाका. पर्यावरणाची सगळी आकडेवारी त्या तत्त्वाखाली असते.

तिथे दोन भाग दिसतील. पहिल्या भागातली माहिती द्यावीच लागते. स्कोप १ आणि स्कोप २ चे आकडे त्यात येतात (हे स्कोप म्हणजे काय, ते दुसऱ्या कामात सांगतो). दुसरा भाग ऐच्छिक असतो आणि स्कोप ३ त्या ऐच्छिक भागात आहे. आपलं शेत नेमकं स्कोप ३ मध्ये येतं. म्हणून तो रकाना कोरा असेल किंवा ‘लागू नाही’ म्हटलं असेल, तर कंपनीने मोठा हिशेब अजून मांडलेलाच नाही असं मी धरतो. अशा कंपनीचं ‘नेट झिरो’ कोणत्या आकड्यावरून मोजणार?

कंपनी खासगी असेल, शेअर बाजारात नसेल, तर बीआरएसआर मिळणार नाही. मग उत्सर्जनाचा हिशेब लेखी मागायचा. कसा, ते शेवटी दिलं आहे.

दुसरं काम : तीन स्कोप आपल्या गावाच्या भाषेत

जगभर कंपन्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ नावाच्या पद्धतीने हिशेब मांडतात. त्यातले तीन वाटे असे समजून घ्या.

स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आवारातला धूर : प्रक्रिया कारखान्याचा बॉयलर, जनरेटरचं डिझेल, स्वतःच्या मालकीच्या गाड्या. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. ती वीज बनताना दीपनगरसारख्या केंद्रात कोळसा जळतो, त्याचा भार वापरणाऱ्याच्या नावावर लागतो. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं, आणि त्याचे १५ प्रकार आहेत.

इथे थोडं थांबू, कारण आपला प्रकार कोणता हे कंपनीच्या धंद्यावर ठरतं. कंपनी आपल्याकडून केळी, कापूस, मिरची, डाळ विकत घेत असेल, तर आपल्या शेतातलं उत्सर्जन तिच्या ‘खरेदी केलेला माल’ या पहिल्या प्रकारात मोडतं. कंपनी आपल्याला काही विकत असेल, उदाहरणार्थ खत किंवा पंप, तर तो वापरताना होणारं उत्सर्जन ‘विकलेल्या वस्तूंचा वापर’ या अकराव्या प्रकारात जातं. युरिया बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेबात आपल्या वाफ्यातून उडालेला वायूही यायला हवा, तो याच नात्याने. जळगावची जैन इरिगेशन ठिबकसोबत केळीची टिश्यूकल्चर रोपंही विकते आणि फळांवर प्रक्रियाही करते. अशा कंपनीचा अहवाल वाचताना दोन्ही बाजू तपासायच्या : ती काय विकते आणि काय विकत घेते.

तिसरं काम : आपल्या एका एकराचा हिशेब स्वतः करा

हे काम टाळू नका. मी हे केलं तेव्हाच मला अहवालातले आकडे कळायला लागले.

युरियाची एक गोणी घ्या. ४५ किलो, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या २००६ च्या पद्धतीत असं धरतात, की जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन थेट हवेत जातं. ते ०.२०७ किलो नत्र म्हणजे ०.३२५ किलो नायट्रस ऑक्साइड. आता खरी गोम : हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. ०.३२५ गुणिले २७३ केलं की ८९ किलो येतात. शिवाय युरिया मातीत विरघळताना त्यातला कार्बन हा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, तो गोणीमागे ३३ किलो. एकूण १२२ किलो. म्हणजे ४५ किलोच्या गोणीतून शेतातच सव्वाशे किलोच्या आसपास, आणि कारखान्यात ती गोणी बनताना लागलेला गॅस यात धरलेलाच नाही.

आता बाग. पाच बाय पाच फुटांवर लागण केली, तर एकरी सुमारे १,७४० झाडं बसतात. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आपण ऐकत आलो आहोत. १,७४० झाडांना झालं ३४८ किलो नत्र. सगळं युरियातून दिलं असं धरलं, तर जवळपास १७ गोण्या आणि दोन टनांहून थोडं जास्त उत्सर्जन. नत्राचा काही वाटा दुसऱ्या खतांतून दिला, तरी नायट्रस ऑक्साइडचा भाग तेवढाच राहतो. फक्त युरियातला ३३ किलोवाला तुकडा त्या प्रमाणात कमी होतो.

मोटारीचं पाहू. ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट. सहा तास चालला की २२ युनिट, आणि देशातल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो धरतात. म्हणजे दिवसाला १५ किलोच्या वर. वर्षात २०० दिवस, पाच एकरांना एक पंप, तर एकरी सुमारे ६०० किलो. डिझेल लिटरला २.६८ किलो. उत्तरेकडे हजार किलोमीटर जाणारा केळीचा ट्रक लिटरला ४ किलोमीटर देत असेल, तर एका खेपेला २५० लिटर, म्हणजे ६७० किलो.

हे सगळं वहीत मांडल्यावर मी खताच्या ओळीकडे बघत राहिलो. आम्ही घरी ट्रॅक्टरच्या धुराबद्दल बोलायचो, विजेबद्दल बोलायचो. ठिबकमध्ये खत सोडणाऱ्या व्हेंच्युरीतून गुपचूप जाणाऱ्या युरियाबद्दल कुणी बोललंच नव्हतं. ठिबकमधून विभागून खत दिलं आणि शिफारशीच्या पाऊण भागात काम भागलं, तर एकरी अर्धा टन वाचतो. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन उत्सर्जन घटवल्याचा विकता येणारा दाखला. तेव्हा एका एकरातून खतापुरतं साधारण अर्धं क्रेडिट. याउलट वाचलेल्या चार गोण्यांचे, २६६ रुपये ५० पैसे गोणी धरली तर, हजार रुपयांहून जास्त आपल्या खिशात राहतात, आणि त्यासाठी कुणाच्या टॅबवर बोट फिरवावं लागत नाही. कुणी एकरी मोठ्या रकमेचं स्वप्न दाखवलं, तर हा अर्ध्या टनाचा आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि उरलेले टन कुठून येणार ते विचारा.

कापूसवाल्यांसाठी एक गोष्ट. पऱ्हाटी जाळली की निघणारा कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरत नाहीत, कारण पिकाने तो त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. पण जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. पऱ्हाटीची कुट्टी करून शेतातच गाडली तर ती नोंद बंद होते.

चौथं काम : वचनातले शब्द फोडून वाचा

तीन गोष्टी शोधायच्या : पायाभूत वर्ष कोणतं, घट एकूण आहे की प्रति टन, आणि ती कोणत्या स्कोपची.

अमेरिकेतल्या कारगिल या कंपनीचं उदाहरण घेण्यासारखं आहे, कारण तिने आकडे स्पष्ट मांडले होते. आपल्या पुरवठा साखळीतलं उत्सर्जन २०३० पर्यंत २०१७ च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करू, असं तिचं उद्दिष्ट होतं, पण ते ‘मालाच्या दर टनामागे’. दर टनामागे ३० टक्के घट झाली आणि त्याच काळात माल ४३ टक्क्यांनी वाढला, तर एकूण उत्सर्जन होतं तेवढंच राहतं. उद्दिष्ट पूर्ण, हवा तशीच. दर टनाचं उद्दिष्ट खोटं असतं असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याच्या पातळीवर तेच मोजणं सोपं जातं. पण ते एकूण घट म्हणून कुणी विकत असेल, तर थांबवलं पाहिजे.

बीआरएसआरमध्ये याहून फसवी एक ओळ असते : ‘उलाढालीच्या दर रुपयामागे उत्सर्जन’. समजा कंपनीने दोन्ही वर्षं १ लाख टनच धूर सोडला. गेल्या वर्षी उलाढाल १,००० कोटी होती, यंदा भाव चढले आणि ती १,२५० कोटी झाली. बॉयलर तोच, कोळसा तोच, तरी दर रुपयामागचं उत्सर्जन २० टक्क्यांनी उतरलेलं दिसेल. शेतमालाच्या धंद्यात भाव कसे उड्या मारतात हे आपल्याहून जास्त कुणाला माहीत? त्या ओळीला मी महत्त्व देत नाही. एकूण टनांचे आकडे सलग तीन वर्षांचे एका ओळीत लिहा, तेवढं पुरे.

‘कार्बन न्यूट्रल’ आणि ‘नेट झिरो’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, तिथेही सावध राहा. बाहेरून क्रेडिट विकत घेऊन स्वतःला न्यूट्रल म्हणवता येतं. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह, म्हणजे एसबीटीआयच्या नेट झिरो निकषात मात्र २०५० पर्यंत बहुतेक कंपन्यांनी स्वतःच्या साखळीतलं उत्सर्जन ९० टक्क्यांच्या आसपास घटवायचं असतं. शेती-जमीन-जंगल या विभागाला ७२ टक्के. उरलेल्याचीच भरपाई करता येते. कंपनी एसबीटीआयचं नाव घेत असेल, तर तिचं उद्दिष्ट नुसतं ‘जाहीर’ आहे की ‘मंजूर’, हे त्या संस्थेच्या खुल्या यादीत पाहता येतं.

मोठी नावंही इथे अडकतात. मांस प्रक्रियेतल्या जेबीएस या कंपनीने २०२१ मध्ये ‘२०४० पर्यंत नेट झिरो’ जाहीर केलं. या दाव्यामागे अमलात येण्याजोगी योजना नाही, ग्राहकांची दिशाभूल होते, असा आरोप करत न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या अमेरिकी शाखेवर दावा दाखल केला.

अहवालातले आकडे त्रयस्थाने तपासलेत का, तेही पाहून घ्या. ‘तपासले’ लिहिलं असेल, तर कोणते स्कोप तपासले हे त्याच पानावर असतं.

पाचवं काम : करारावर सही करण्याआधी

आपल्याकडे कार्बनचे करार आता गावोगाव येऊ लागलेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली, आणि शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये आराखडा आणला. बाजार उभा राहतो आहे, त्यात शेतकऱ्याला जागा आहे, आणि मला ती हवी आहे. म्हणूनच कागद नीट वाचायचा.

सगळ्यात आधी विचारा : ही घट क्रेडिट बनून दुसऱ्या कुणाला विकली जाणार, की कंपनी स्वतःच्या स्कोप ३ मध्ये दाखवणार? एकच घट दोन वह्यांत लिहिता येत नाही. आपण एका संस्थेला क्रेडिट दिलं आणि माल दुसऱ्या कंपनीला ‘कमी कार्बनची केळी’ म्हणून गेला, तर कुणीतरी दोनदा मोजतंय. उलट, कंपनी आपल्या शेतातली घट स्वतःच्या खात्यात मांडणार असेल आणि आपल्याला काहीच देणार नसेल, तर बदलाचा खर्च कुणी सोसला हा प्रश्न उरतोच.

मग ‘अतिरिक्तता’. क्रेडिट मिळतं ते नव्या बदलासाठी. खान्देशातल्या केळीवाल्यांना हे फार टोचणार आहे, कारण आपल्याकडे ठिबक वर्षानुवर्षं आहे. पंधरा वर्षं ठिबकवर बाग करणाऱ्याला ‘ठिबकचं क्रेडिट’ कुणी दाखवत असेल, तर तो प्रकल्प तपासणीत टिकणं कठीण. अनुदानातून बसवलेल्या सौर पंपालाही हाच प्रश्न लागतो : बदल योजनेमुळे झाला की कार्बनच्या पैशामुळे? ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप घेतलेल्यांनी हे लेखी विचारून घ्या.

मुदत बघा. आमच्या कागदावर वीस वर्षं होती, आणि ती अकराव्या पानावर होती. मातीतला कार्बन वाढवायचा म्हटलं की खोल नांगरट बंद, आणि ती वीस वर्षं. आता विचार करा, मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली, किंवा सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने पिलबाग (पिलांवर ठेवलेलं पुढचं पीक) उपटावी लागली. पुढच्या कांदेबागेआधी (पावसाळ्यानंतरच्या लागणीआधी) रान नांगरावंच लागतं. तो करारभंग धरणार का? मिळालेले पैसे परत मागणार का? आमच्या करारात नैसर्गिक आपत्तीचा उल्लेख होता, पण रोगाचा नव्हता. तो शब्द आत घालून मागा.

सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील, तर चौघांची संमती लागते का, निमबटाईने दिलेल्या शेतात पैसा कुणाचा, शेत विकलं तर करार नव्या मालकाच्या गळ्यात जातो का, हेही लिहून घ्या. पहिला मातीचा नमुना आपल्यासमोर घ्यायला लावा आणि त्याच्या अहवालाची प्रत ठेवा. पुढची सगळी वाढ त्या पहिल्या आकड्यावरून मोजतात, तो जास्त लागला की आपलं उत्पन्न तिथेच घटतं. आणि मराठी प्रत हवीच. इंग्रजी आणि मराठीत फरक पडला तर कोणती प्रत ग्राह्य, हे वाक्यही त्यात हवं.

सहावं काम : लेखी विचारा

नोंदणीकृत कंपनीच्या बीआरएसआरमध्ये सुरुवातीलाच, विभाग ‘अ’ मध्ये, अहवालाबाबत कुणाशी संपर्क साधायचा ते नाव आणि ईमेल दिलेला असतो. पुरवठा साखळीतल्या भागीदारांच्या तक्रारींची सोय आहे का, याचाही तक्ता तिथेच असतो. म्हणजे माल देणारा शेतकरी कंपनीच्याच चौकटीत बसतो. आम्ही पाठवलेलं पत्र असं होतं. हवं तसं बदलून घ्या :

“महोदय, आम्ही आपल्या कंपनीला माल देणारे शेतकरी आहोत. कृपया पुढील माहिती मराठीत लेखी कळवावी. आपल्या स्कोप ३ उत्सर्जनात शेतातील खत आणि विजेचा समावेश आहे का, असल्यास किती टन? तो आकडा प्रत्यक्ष शेतांच्या नोंदींवरून काढला की सरासरीवरून? आमच्या शेतातील घट आपण स्वतःच्या उद्दिष्टात मोजणार की क्रेडिट म्हणून विकणार? विकल्यास शेतकऱ्याचा वाटा किती आणि तो केव्हा मिळेल? आमच्या शेताची माहिती कुणाकुणाला दिली जाते?”

एकट्याने पाठवण्यापेक्षा गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा. आमच्या पहिल्या, एकट्याच्या पत्राला पोचही आली नव्हती. गटातल्या सव्वीस जणांच्या सह्यांच्या पत्राला अकराव्या दिवशी उत्तर आलं. पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. वाट्याचा आणि माहितीचा प्रश्न अजून बाकी आहे, आणि तोवर आप्पांचं बोट टॅबपासून लांबच आहे.

एखाद्या वस्तूच्या वेष्टनावर किंवा जाहिरातीत ‘कार्बन न्यूट्रल’, ‘पर्यावरणपूरक’ असं पुराव्याशिवाय छापलं असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तक्रार नेमक्या वस्तूच्या दाव्याची हवी, वेष्टनाचा फोटो जोडून ठेवा.

आजपासून : एक वही

करार करा किंवा करू नका, नोंदी आत्ताच सुरू करा, कारण बदलाआधीची स्थिती दाखवल्याशिवाय बदल सिद्ध होत नाही. शेताच्या प्रत्येक गट नंबरला वेगळं पान. तारीख, खताचं नाव, किती किलो, ठिबकमधून की मातीत, मोटारीच्या मीटरचं महिन्याचं रीडिंग, डिझेलचे लिटर, नांगरट केव्हा, किती खोल, पऱ्हाटी किंवा केळीचं खोड काय केलं. मृगबागेची (पावसाळी लागणीची) आणि कांदेबागेची पानं एकत्र करू नका, दोन्हींचं खताचं वेळापत्रक वेगळं असतं आणि नंतर आकडे सुटे करता येत नाहीत. वही कागदाचीच बरी, दुकानातल्या खताच्या पावत्या त्याच पानाला टाचता येतात.